फायनलचे तिकीट दीडशे रुपये: बेळगावातील एका फुटबॉल स्पर्धेच्या दरवाढीचे प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगावात फुटबॉल हा क्रिकेटच्या सावलीत राहिलेला, पण कधीच न विझलेला खेळ आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर, कॅम्प परिसरातील जुन्या शाळा, एका बाजूला कोल्हापूर आणि दुसऱ्या बाजूला गोवा यांच्यामधले शहराचे स्थान, यांमुळे इथल्या गल्ल्यांमध्ये फुटबॉलचे वेड मुरले आहे. कोल्हापूरच्या छत्रपती शाहू स्टेडियमवर पेठा-तालमींच्या संघांमध्ये होणाऱ्या सामन्यांना इथून माणसे जातात. फातोर्ड्याला एफसी गोवाचा सामना असेल तर मुले गट करून गाडी ठरवतात. त्यामुळे गावातच चांगले सामने पाहायला मिळावेत, ही अपेक्षा जुनी आहे.

ही अपेक्षा पूर्ण करणारी एक स्पर्धा शहरातील एक मंडळ बरीच वर्षे भरवत आले आहे. मंडळाचे नाव आणि स्पर्धेचे वर्ष येथे दिलेले नाही, संबंधितांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत आणि रकमा गोल केल्या आहेत. प्रस्तुत लेखकाचा संबंध स्पर्धा संपल्यानंतरचा आहे: जमाखर्च तपासून देण्यासाठी मंडळाने बोलावले, आणि तिकिटांच्या थोटक्यांपासून बैठकांच्या टिपणांपर्यंत सगळे कागद समोर आले. दोन्ही बाजूंच्या लोकांशी त्यानंतर बोलणे झाले.

स्पर्धा सोळा संघांची, बाद पद्धतीची आणि सत्तर मिनिटांच्या सामन्यांची असते. पंधरा सामने नऊ दिवसांत होतात. पहिले सहा दिवस रोज दोन सामने, नंतर उपांत्य फेरीचे दोन दिवस आणि शेवटी अंतिम सामना. आधीच्या वर्षापर्यंत पहिल्या सहा दिवसांचे तिकीट वीस रुपये, उपांत्य फेरीचे तीस आणि अंतिम सामन्याचे पन्नास होते. नऊही दिवस येणाऱ्या माणसाला संपूर्ण स्पर्धा दोनशे तीस रुपयांत पाहता येत असे. लहान मुलांकडे गेटवरचा स्वयंसेवक काणाडोळा करी. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण सर्वांना ठाऊक होता.

प्रेक्षक कोण होते हे सांगितल्याशिवाय पुढचा भाग नीट कळणार नाही. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत आणि मशीन शॉपमध्ये काम करणारे, वडगाव-शहापूरचे यंत्रमाग कामगार, कॉलेजची मुले, फौजेतून निवृत्त झालेले लोक, कॅम्पातली जुनी फुटबॉलवेडी घराणी, आणि चंदगड तालुक्यातून येणारे तरुण. चंदगड महाराष्ट्रात असले तरी त्याची बाजारपेठ बेळगावच, त्यामुळे सामन्यासाठी येणे त्यांना परके वाटत नाही.

प्रश्न कसा उभा राहिला

त्या वर्षी मंडळाने स्पर्धा मोठी करायचे ठरवले. बक्षिसाची रक्कम दुप्पट झाली. कोल्हापूर आणि गोव्याच्या संघांना प्रवास व निवासाबरोबर हमीची रक्कम देऊन बोलावण्यात आले. त्यांतल्या काही संघांकडून परदेशी खेळाडू उतरणार होते, आणि त्याची जाहिरातही जोरात झाली. त्याच सुमारास बंदोबस्ताच्या अटी कडक झाल्या. 4 जून 2025 रोजी बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर विजयोत्सवाच्या चेंगराचेंगरीत अकरा जणांचा जीव गेला, आणि तेव्हापासून राज्यभर गर्दीच्या कार्यक्रमांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. मैदानाची क्षमता लेखी ठरवा, आत येण्याचा व बाहेर जाण्याचा मार्ग वेगळा ठेवा, बांबूच्या गॅलरीऐवजी तपासून घेतलेली लोखंडी गॅलरी उभारा, अशा सूचना मंडळाला मिळाल्या. त्या योग्यच होत्या.

खर्च साडेचार लाखांवरून आठ लाख चाळीस हजारांवर गेला. प्रायोजकांकडून तीन लाख सत्तर हजार निश्चित झाले होते. उरलेले चार लाख सत्तर हजार गेटवर उभे करायचे होते, जिथून आधीच्या वर्षी दीड लाख आले होते. खजिनदारांनी कागदावर गणित मांडले: पहिल्या सहा दिवसांना पन्नास रुपये, उपांत्य फेरीला शंभर, अंतिम सामन्याला दीडशे, शिवाय अंतिम सामन्यासाठी पाचशे रुपयांच्या साठ खुर्च्या. मागच्या वर्षीची प्रेक्षकसंख्या या दरांनी गुणली की चार लाख सत्तर हजार बरोबर येत होते. मुलांनाही पूर्ण तिकीट लावले गेले, कारण क्षमता लेखी दिल्यावर गेटवर काणाडोळा करता येत नव्हता.

हे गणित मी ताडून पाहिले. त्यात बेरजेची चूक एकही नाही. मात्र दर अडीच ते सव्वातीन पटींनी वाढल्यावरही तेवढीच माणसे येतील, हे त्यात गृहीत धरले होते, आणि त्यावर बैठकीत कोणी प्रश्न विचारल्याची नोंद नाही.

नव्या दराने एका माणसाला संपूर्ण स्पर्धेसाठी सहाशे पन्नास रुपये लागणार होते. दोन मुलांना घेऊन येणाऱ्या बापाला एक हजार नऊशे पन्नास. दिवसाला पाच-सहाशे रुपये मिळवणाऱ्या फाउंड्रीतल्या मदतनिसासाठी ही साडेतीन दिवसांच्या आसपास मजुरी झाली. पन्नास रुपयांत हल्ली काय येते, असे मंडळाचे एक पदाधिकारी मला म्हणाले. एका दिवसापुरते ते खरे आहे. पण फुटबॉलचा चाहता एका दिवसाचा प्रेक्षक नसतो. आपल्या गल्लीचा संघ पहिल्या फेरीत खेळतो, जिंकला तर पुढच्या फेरीत खेळतो, आणि चाहत्याचा खर्च संघाच्या यशाबरोबर वाढत जातो. संघ अंतिम फेरीत पोहोचला की त्याचे तिकीट सर्वांत महाग झालेले असते, आणि नेमके तेच तिकीट तो टाळू शकत नाही.

पहिल्या दिवशी साडेपाचशेच्या जागी दोनशे ऐंशी तिकिटे गेली. दुसऱ्या दिवशी दोनशे साठ. शेजारच्या इमारतींच्या गच्च्या मात्र भरल्या होत्या, आणि ते पाहून आत बसलेल्यांचाही मूड गेला. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या सामन्याच्या बरोबर पन्नासाव्या मिनिटाला एका स्थानिक संघाचे पाठीराखे ढोल थांबवून उठले आणि शांतपणे गेटबाहेर गेले. तिकीट पन्नास रुपये म्हणून पन्नासावे मिनिट.

ही कल्पना कॉलेजच्या मुलांची होती आणि तिचे मूळ लिव्हरपूलमध्ये आहे. 6 फेब्रुवारी 2016 रोजी लिव्हरपूल क्लबच्या ॲनफिल्ड मैदानावर संडरलँडविरुद्धच्या सामन्यात, नव्या स्टँडमधले तिकीट 77 पौंडांपर्यंत नेण्याच्या निषेधार्थ हजारो प्रेक्षक 77व्या मिनिटाला उठून गेले होते. लिव्हरपूल तेव्हा 2–0 ने पुढे होते, आणि सामना 2–2 असा सुटला. काही दिवसांतच क्लबच्या मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. त्याच वर्षी प्रीमियर लीग या इंग्लंडच्या अव्वल फुटबॉल स्पर्धेने बाहेरगावी जाणाऱ्या पाठीराख्यांच्या तिकिटाला 30 पौंडांची मर्यादा घातली आणि ती 2016–17च्या हंगामापासून लागू झाली. आपल्या मुलांना या क्लबांच्या जर्सी ठाऊक असतात हे आपण धरून चालतो. त्यांच्या चाहत्यांचे लढेही ठाऊक असतात, हे मंडळाला त्या संध्याकाळी कळले.

समोर असलेले पर्याय

त्याच रात्री मंडळाच्या सभागृहात बैठक झाली. चाहत्यांच्या बाजूने चौघे आले: निवृत्त सुभेदार, एक यंत्रमाग कामगार, बाहेर पडण्याची कल्पना काढणाऱ्यांपैकी एक विद्यार्थी, आणि एका स्थानिक संघाच्या गोलकीपरची आई. एक प्रायोजकही होता.

दर आहेत तसे ठेवणे, हा पहिला पर्याय. अंतिम फेरी जवळ आली की लोक आपोआप येतील, असे खजिनदारांचे मत होते. हे मत टाकाऊ म्हणता येणार नाही, कारण बाद फेरीच्या स्पर्धेत शेवटचे तीन दिवसच पैसे देतात. पण गच्चीवरून पाहण्याची सवय लागलेला प्रेक्षक गेटवर परत येईल याची खात्री कोणाला नव्हती.

जुने दर पूर्णपणे परत आणणे, हा दुसरा. विद्यार्थ्याची मागणी हीच होती. सुभेदारांनीच त्याला थांबवले. गॅलरी लोखंडी झाली आहे, रुग्णवाहिका उभी आहे, त्याचे पैसे कोणीतरी द्यायला हवेत, असे त्यांचे म्हणणे होते.

तिकीट काढून टाकून देणगीची पावती फाडावी, असे एकाने सुचवले. गणेशोत्सवाची वर्गणी जशी जमते तसे हेही जमेल, ही त्यामागची समजूत. पण वर्गणी ओळखीच्या दारात मागितली जाते, आणि चंदगडहून आलेल्या मुलाच्या दारात कोण जाणार? शिवाय तिकीट नसेल तर आत किती माणसे आहेत हे कळणार नाही, आणि क्षमतेची अट मोडेल. हा पर्याय तिथेच संपला.

बैठकीची दिशा बदलली ती यंत्रमाग कामगाराच्या एका वाक्याने. टिपणात ते जसेच्या तसे आहे: "पन्नास रुपयांचं काय न्हाई ओ, पण पोराला घरी ठेवून मी एकटाच मॅच बघायला येऊ काय?" तोपर्यंत चर्चा एका तिकिटाच्या रकमेवर अडकली होती. आता मुलांचे तिकीट, पूर्ण स्पर्धेचा पास, उभ्याने पाहण्याचा स्वस्त भाग आणि खुर्च्यांचा महाग भाग, असे दर वेगवेगळे करण्याचा पर्याय पुढे आला. जर्मनीत हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर चालते. डॉर्टमुंड क्लबच्या मैदानावरील दक्षिण स्टँडमध्ये सुमारे पंचवीस हजार माणसे उभ्याने सामना पाहतात आणि उभ्याची जागा बसण्याच्या जागेपेक्षा स्वस्त असते.

महिलांना प्रवेश विनामूल्य ठेवावा, असे प्रायोजकाने सुचवले तेव्हा गोलकीपरच्या आईने विरोध केला. शक्ती योजनेमुळे जून 2023पासून राज्यातल्या साध्या सरकारी बसमधून कर्नाटकातल्या महिलांचा प्रवास मोफत आहे, म्हणजे येण्याचा खर्च आधीच नाही. अडचण स्वच्छतागृहाची होती, आणि रात्रीचा सामना संपल्यावर पुरुषांच्या लोंढ्यातून बाहेर पडण्याची. "फुकट दिलं म्हणून कोण येणार नाही," असे त्या म्हणाल्या. मला वाटते त्या रात्रीच्या बैठकीतले सर्वांत अचूक निरीक्षण हेच होते, आणि त्याला सर्वांत कमी वेळ मिळाला.

खर्च कमी करण्याचा पर्याय जवळजवळ बंद झाला होता. बक्षिसे जाहीर झाली होती, हमीच्या रकमांचा पहिला हप्ता गेला होता. हातात राहिला होता फक्त समारोपाचा कार्यक्रम.

निर्णय आणि अंमलबजावणी

चौथ्या दिवसापासून उभ्याने पाहण्याचा दर तीस रुपये झाला, उपांत्य फेरीसाठी पन्नास, अंतिम सामन्यासाठी शंभर. शाळेचे ओळखपत्र दाखवणाऱ्या मुलांना उपांत्य फेरीपर्यंत प्रवेश विनामूल्य आणि अंतिम सामन्याला वीस रुपये. उरलेल्या सहा दिवसांचा पास दोनशे रुपयांना. खुर्च्या वाढवून उपांत्य फेरीला तीनशे आणि अंतिम सामन्याला पाचशे. महिलांसाठी वेगळे गेट आणि फिरती स्वच्छतागृहे. समारोपातला वाद्यवृंद रद्द.

पहिल्या तीन दिवसांत पन्नास रुपये भरलेल्यांचे काय, हा प्रश्न सुभेदारांनी काढला. थोटूक दाखवेल त्याला पुढच्या तिकिटात वीस रुपयांची सूट द्यावी असे ठरले. बहुतेकांनी थोटके फेकून दिली होती, त्यामुळे यात फारसे पैसे गेले नाहीत. पण कन्नड आणि मराठीत छापलेला सवलतीचा फलक गेटवर लागला, आणि लोक त्यावर बोलू लागले. मंडळाने आपला निर्णय मागे घेतल्याचे त्यातून लेखी मान्य झाले होते.

खुर्च्यांनी नवी कटकट निर्माण केली. त्या मैदानाच्या मध्यरेषेजवळ मांडल्या गेल्या, आणि वर्षानुवर्षे तिथे उभ्या राहणाऱ्या जुन्या मंडळींना कोपऱ्यात जावे लागले. दर कमी झाला तरी जागा गेली, ही तक्रार शेवटपर्यंत राहिली. स्वस्त तिकीट कोणत्या जागेचे आहे, हे दराइतकेच महत्त्वाचे असते.

परिणाम

चौथ्या दिवसापासून गर्दी परतली. सहाव्या दिवशी मुले धरून ती मागच्या वर्षीच्या पुढे गेली. उपांत्य फेरीत आणि अंतिम सामन्यात उभ्याची तिकिटे मागच्या वर्षीपेक्षा थोडी कमी गेली, पण पासधारक आणि खुर्च्यांनी ती जागा भरून काढली. गेटवर एकूण तीन लाखांच्या आसपास जमले: मागच्या वर्षीच्या दुप्पट, आणि अपेक्षेपेक्षा एक लाख सत्तर हजारांनी कमी. वाद्यवृंद रद्द केल्याने चाळीस हजार वाचले, बैठकीला आलेल्या प्रायोजकाने पन्नास हजार वाढवून दिले, आणि ऐंशी हजारांची तूट मंडळाच्या शिल्लक रकमेतून भरली गेली.

सुधारित दराने नऊ दिवस पाहणाऱ्याला तीनशे ऐंशी रुपये लागले असते. जुन्या दोनशे तीसच्या तुलनेत ही वाढ लहान नाही, तरी ती स्वीकारली गेली, कारण मुले आत होती आणि कशासाठी पैसे घेतले जात आहेत हे बैठकीत सांगितले गेले होते. चंदगडच्या मुलांची गोष्ट निराळी. त्यांचा जाण्यायेण्याचा खर्च तिकिटाहून जास्त होता आणि शेवटची एसटी दुसरा सामना संपण्याआधी सुटत होती. त्यांच्यासाठी वीस रुपये कमी करण्यापेक्षा सामना अर्धा तास आधी सुरू करणे जास्त मोलाचे ठरले असते. ही मागणी त्यांच्या वतीने कोणी मांडली नाही, कारण बैठकीला त्यांच्यापैकी कोणी नव्हते.

निर्णयाचे टप्पे: वेगळे काय करता आले असते

कागद तपासताना एक गोष्ट मला खटकली. दरवाढीच्या समर्थनार्थ मंडळाने काढलेल्या पत्रकात सुरक्षेच्या अटींचा उल्लेख पहिल्या ओळीत आहे. खर्चातली वाढ तीन लाख नव्वद हजारांची. त्यांतले गॅलरी, अडथळे, प्रकाशझोत, पंच, रुग्णवाहिका आणि बंदोबस्त यांच्या वाट्याचे एक लाख पाच हजार. बक्षिसे आणि बाहेरच्या संघांच्या वाट्याचे अडीच लाख. उरलेले पस्तीस हजार उद्घाटन, ध्वनी आणि थेट प्रक्षेपणाचे. म्हणजे सुरक्षेने तिकीट महाग केले हे विधान एका छोट्या हिश्श्यापुरतेच खरे आहे.

याला जुना आणि मोठा दाखला आहे. 15 एप्रिल 1989 रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावरील चेंगराचेंगरीत 97 जणांचा बळी गेला. त्यानंतर 1990 साली आलेल्या न्यायमूर्ती टेलर यांच्या अहवालाने मोठ्या मैदानांवर सर्वांना बसण्याची जागा असावी अशी शिफारस केली, आणि त्याच अहवालात हेही म्हटले की उभ्याने पाहणाऱ्यांच्या खिशाला परवडतील असे बसण्याच्या जागांचे दर ठेवणे शक्य आहे. ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर तेव्हा बसण्याच्या जागेचे तिकीट सहा पौंड होते, ते त्यांनी उदाहरणादाखल दिले. शिफारशीचा पहिला भाग इंग्लंडने पाळला. 1992 साली प्रीमियर लीग सुरू झाली आणि दुसरा भाग मागे पडला. खुर्ची सुरक्षेसाठी आली, दर मात्र खेळाडूंच्या पगारांबरोबर चढत गेले. आपल्या मंडळाचा व्यवहार त्यापुढे अगदी किरकोळ, पण पत्रकाची पहिली ओळ त्याच वाटेने गेली आहे.

म्हणून माझ्या मते निर्णयाचा खरा टप्पा तिसऱ्या रात्रीचा नव्हता. तो दोन महिने आधीचा होता, ज्या बैठकीत बक्षीस दुप्पट करायचे आणि हमी देऊन संघ बोलवायचे ठरले. तिकीट त्याच बैठकीत महाग झाले. आकडा नंतर लिहिला गेला एवढेच. त्या बैठकीत चाहत्यांपैकी कोणी असता तर त्याने मोठे संघ नकोत असे म्हटले असते, असे मी धरून चालत नाही. कोल्हापूरचा नावाजलेला संघ गावात खेळताना पाहायला कोणाला आवडत नाही? पण चारऐवजी दोन संघ बोलावून मुलांचा प्रवेश मोकळा ठेवायचा का, हा प्रश्न निदान विचारला गेला असता. तिसऱ्या रात्री तो विचारण्यात अर्थ उरला नव्हता.

दुसरा टप्पा दर ठरवतानाचा. मागची प्रेक्षकसंख्या नव्या दराने गुणण्याऐवजी, एक चतुर्थांश माणसे कमी आली तर किती जमेल आणि निम्मी आली तर किती, असे दोन हिशेब शेजारी मांडले असते तरी तूट आधीच दिसली असती आणि समारोपाचा वाद्यवृंद ठरवण्याआधीच रद्द झाला असता. मुलांचा अलिखित सवलतीचा रिवाज क्षमतेच्या अटीमुळे बंद करावा लागणार हे कळले, त्याच वेळी त्याला लेखी सवलतीचे रूप देता आले असते. मोफत असले तरी तिकीट फाडले की डोकी मोजली जातात.

पुढच्या हंगामासाठी मंडळाने तीन गोष्टी मान्य केल्या आहेत: दर जाहीर करताना खर्चाचा ढोबळ तक्ता सोबत लावणे, शाळकरी मुलांची सवलत कायम ठेवणे, आणि खुर्च्या मध्यरेषेपासून गोलपोस्टच्या बाजूला हलवणे. खर्चाच्या बैठकीत चाहत्यांचे दोन प्रतिनिधी असावेत, ही सुभेदारांची मागणी मात्र प्रलंबित आहे. तूट आली तर ती भरून देण्याची जबाबदारी प्रतिनिधी घेणार आहेत का, असे खजिनदार विचारतात. सुभेदारांचे उत्तर असे की गेल्या वर्षी ऐंशी हजार ज्या शिलकीतून भरले, ती शिल्लकही गेटवरच जमलेली होती. हा मुद्दा मंडळाच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर आहे.